निखत मॅडमचं शुक्रवारचं टपाल

निखत मॅडम जिना चढताना कुणाशी बोलत नसत. नाशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मॅडमचं घर सगळ्यात वर आणि दोन्ही गुडघे गेलेले. समोरून उतरणारं कुणी "काय मॅडम, कशा आहात?" म्हणालं, की त्या नुसता तळहात दाखवत, थांब, असा. मग वर पोचून, दाराला टेकून, दम खाऊन तिथून खाली ओरडत, "बरी आहे!" तोवर विचारणारा बहुतेक रस्त्यावर गेलेला असे.

जुन्या नाशकातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य गणित शिकवण्यात काढलं. निवृत्त झाल्या तरी तो तास काही सुटला नव्हता. नळ दुरुस्त करणारा "झालं मॅडम, आता नाही गळणार" म्हणाला, तर त्या म्हणत, "उत्तर नको. पायऱ्या दाखवा. काय काढलं, काय घातलं, पहिल्यापासून." तो बिचारा पिशवीत टाकलेला पाना पुन्हा बाहेर काढून खाली बसे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी लांबण लावली की त्या मान कलती करून "पुढे?" एवढंच विचारत. पुढे काही नाही हे बोलणाऱ्याला स्वतःलाच तेव्हा कळे.

मी अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. दिवसभर माझ्याकडे दोनच तक्रारी येतात: प्रिंटर चालत नाही आणि मेल जात नाही. घरी आल्यावर मला कॉम्प्युटरचं नावसुद्धा नको असतं. त्यामुळे आपल्या डोक्यावर राहणारी ही बाई घरात स्वतःचा मेल सर्व्हर चालवते हे मला कळलं, तेव्हा कौतुक वाटण्याआधी मी धास्तीच घेतली. आता ही रोज बोलावणार, असं वाटलं. पण मॅडमनी कित्येक महिने बोलावलं नाही. त्यांचं त्यांना येत होतं.

सर्व्हर, म्हणजे मेल घेणारं आणि पाठवणारं यंत्र, हा एक जुनाट डेस्कटॉप. स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला, पूर्वी मिक्सर असायचा त्या जागी ठेवलेला, कारण इन्व्हर्टरवर चालणारं बटण तेवढं तिथेच होतं. मॅडम त्याला 'पेटी' म्हणत. फोडणी द्यायची असली की पेटीवर ओला पंचा टाकत आणि फोडणी झाली की काढत. पंचा काढायला विसरल्या तर पेटी तापून घोंघावायला लागे. मग त्या तिच्याकडे बघून म्हणत, "हो, हो. आले."

हे खूळ त्यांच्या डोक्यात का शिरलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मटार सोलता सोलता. त्यांचे यजमान अन्वरभाई रेल्वेच्या टेलिफोन खात्यात मनमाडला होते. आठवडाभर ते तिकडे, मॅडम इकडे शाळेत, आणि सुट्टीला एकत्र. मधल्या दिवसांत दोघं एकमेकांना मेल लिहीत. फोनवर भांडण होतं, लिहिताना होत नाही, असं अन्वरभाईंचं म्हणणं. ते गेले आणि त्यानंतर काही महिन्यांतच मॅडमचं ते फुकटातलं मेल खातं कंपनीनं बंद करून टाकलं. काहीतरी संशयास्पद दिसलं म्हणे. अन्वरभाईंचा सगळा पत्रव्यवहार आतच राहिला.

"मी त्यांना पुन्हापुन्हा लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "काय संशयास्पद, कुठे संशयास्पद, पायऱ्या दाखवा. प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर. पलीकडे माणूसच नव्हता हो, देवरे. असता तर मी त्याच्याकडून काढून घेतलं असतं."

मटाराची टरफलं गोळा करून त्या उठल्या. "म्हटलं, अर्धं आयुष्य भाड्याच्या घरात गेलं. पत्रं तरी आता आपल्या घरात राहू देत."

मग त्या शिकल्या. वर्षभर लागलं म्हणाल्या. स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला, पेटी उभी केली आणि त्यावरून दर शुक्रवारी आपल्या जुन्या विद्यार्थिनींना एक गणित पाठवायला सुरुवात केली. कुणी दुबईत हिशेबनीस, कुणी पुण्यात नर्स, बऱ्याचशा नुसत्या संसारात. गणितं मॅडम स्वतः रचत. दिंडोरीचा एक बागाईतदार द्राक्षबागेला कुंपण घालतो, पण एका कोपऱ्यात विहीर येते, तर तार किती लागेल, असली. खाली एक-दोन ओळी: 'घाई नको. भाजी करपू देऊ नका. पायऱ्या लिहा.' आणि ज्या कुणी उत्तर पाठवतील त्या प्रत्येकीला त्या वेगळं लिहीत, चूक कुठे झाली ते.

व्हॉट्सॲप का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "तिथे माणूस उत्तर देतं, विचार करत नाही," असं त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि तोही बहुधा पिशवीच्या तळाशी.

कधीतरी उत्तरं कमी व्हायला लागली. मॅडम ते बोलून दाखवत नसत, पण एका संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होतो तेव्हा त्यांनी वरून हाक मारली. "देवरे, मुली मोठ्या झाल्या वाटतं. या शुक्रवारी एकीचंही नाही."

"मेल जातायत का पण?" मी वर बघून विचारलं. सवयच ती.

"जातायत. पेटीतली नोंद मी बघते ना. प्रत्येकीपुढे 'समोरच्याने स्वीकारले' असंच आहे."

"तरी एखादीला फोन करून विचारा, मिळालं का म्हणून."

"छे!" त्या म्हणाल्या. "वर्ग सुटलाय आता. यायचं की नाही ते त्यांच्या मर्जीवर. मी दारात उभी राहून हजेरी घेणार नाही."

हा त्यांचा नियमच होता. उत्तर का आलं नाही, असं त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं नव्हतं. मीही दिवसभराचा आंबलेला होतो. बरं म्हटलं आणि आत गेलो. त्यानंतर वर्ष गेलं, थोडं जास्तच. शुक्रवार येत, मॅडम गणित पाठवत आणि पेटी 'स्वीकारले' म्हणत राही.

मग एक दिवस मॅडम जिन्यातून बोलत बोलत वर आल्या. त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला तेव्हाच मी दार उघडलं. त्या आमच्याच मजल्यावर थांबल्या, कठड्याला धरून. श्वास लागलेला, हातात औषधांची पिशवी.

"माझी पत्रं कचऱ्यात जातायत," त्या म्हणाल्या. "वर्षभर. सगळी."

झालं होतं ते असं. द्वारकेच्या मेडिकलच्या दुकानात त्यांना शबाना नावाची जुनी विद्यार्थिनी भेटली. मॅडमना बघून तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात?" मॅडम म्हणाल्या, "का, नसायला हवं होतं?" तेव्हा ती चाचरत म्हणाली, "तसं नाही हो. तुमचे मेल बंद झाले ना. आम्हाला सगळ्यांना वाटलं, तब्येत... आणि तुम्हाला विचारायचं तरी कसं?" मॅडमनी एकही शुक्रवार चुकवलेला नव्हता. शबानाने तिथेच काउंटरला टेकून फोन उघडला, स्पॅमचा कप्पा शोधला. तिने तो आजवर कधी उघडला नव्हता. लॉटरी, कर्ज आणि टक्कल घालवायच्या तेलाच्या मधोमध 'शुक्रवारचं गणित' पडलेलं. तेही शेवटच्या काही आठवड्यांचंच. त्याच्याआधीचं सगळं आपोआप पुसलं गेलं होतं, कारण तो कप्पा जुनं ठेवत नाही.

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं. आमच्या भागातली इंटरनेटची जुनी लाइन काढून नवी टाकली, तेव्हा मॅडमच्या पेटीचा इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ताही बदलला असणार. तो नवा पत्ता आधी कुणाकडे तरी होता. त्याने किंवा त्याच्या कॉम्प्युटरला लागलेल्या रोगाने तिथून ढिगांनी जाहिराती पाठवल्या असतील. त्यामुळे मोठ्या मेल कंपन्यांच्या लेखी तो पत्ता बदनाम. तिथून आलेलं पत्र त्या घेतात, 'स्वीकारले' म्हणतात आणि गुपचूप कचऱ्यात टाकतात. मग ते पहिलं पत्र असो की कुणाला दिलेलं उत्तर. आणि तसंही, घरातल्या मशीनवरून थेट आलेल्या पत्रावर आताशा कुणी विश्वास ठेवत नाही.

"म्हणजे आधीच्या भाडेकरूचं पाप माझ्या माथी," मॅडम म्हणाल्या.

"तसंच."

"आणि 'स्वीकारले' हे खोटं नव्हतं."

"नाही. स्वीकारलंच होतं त्यांनी."

त्यांनी भांड्यातलं पाणी संपवलं. "उपाय?"

उपाय एकच होता आणि तो त्यांना आवडणार नाही हे मला माहीत होतं. पेटी घरातच ठेवायची, येणारी पत्रं तिच्यातच येऊ द्यायची. पण जाणारं पत्र थेट समोरच्याच्या दारात न्यायचं नाही. ते एखाद्या मान्यता असलेल्या कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवायचं. तो ते पुढे पोचवतो. त्याचं नाव बाजारात चांगलं असतं म्हणून पत्र इनबॉक्समध्ये जातं. याला रिले म्हणतात.

मॅडमनी रिकामं भांडं टीपॉयवर ठेवलं. मग म्हणाल्या, "ते वाचतील?"

"वाचू शकतात. वाचत नाहीत असं म्हणतात."

"बंद करू शकतात? पहिल्यासारखं?"

"करू शकतात."

"मग मी एवढं सगळं केलं कशाला?" हे त्यांनी चिडून नाही विचारलं. पिशवीतली औषधं एकेक काढून टीपॉयवर मांडत होत्या आणि परत आत ठेवत होत्या. "रविवारी या," शेवटी म्हणाल्या. "पण हात लावायचा नाही. मी करीन. तुम्ही नुसतं बसा."

रविवारी सकाळी मी वर जाऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. पहिल्या कंपनीने खातं उघडण्याआधी प्रश्न विचारले: तुमचा व्यवसाय काय, ग्राहक कोण, त्यांचे पत्ते कसे मिळवले? मॅडमनी सरळ लिहिलं, 'व्यवसाय नाही. मी या सर्वांना गणित शिकवलं आहे. पत्ते त्यांनी स्वतः दिले.' थोड्याच वेळात नकार आला, आमच्या धोरणात बसत नाही म्हणून. कारण नाही. मॅडमनी स्क्रीनवरून नजर काढून ओट्याकडे नेली. मला वाटलं आता पेटीच बंद करून टाकतात. पण त्या उठल्या, डाळीचा कुकर लावला, शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहिल्या आणि परत येऊन दुसऱ्या कंपनीचं पान उघडलं. तिने घेतलं.

मग आपल्या नावाच्या पत्त्याच्या नोंदीत जाहीर करायचं होतं, की माझ्या नावाने पत्र न्यायची परवानगी मी या कंपनीला दिली आहे. ते त्यांनी दात-ओठ खात टाइप केलं. त्यानंतर प्रत्येक पत्रावर उमटणारी, इतर कुणाला करता येणार नाही अशी सही. ती त्यांना पटली. "हे बरंय. हे आधीच करायला हवं होतं." शेवटी पेटीच्या सेटिंगमध्ये त्या रिलेचं नाव लिहिलं, पासवर्ड दिला आणि चाचणीचं पत्र सोडलं. गेलं नाही.

पुन्हा सोडलं. नाही. चूक कुठे आहे ते मला दिसत होतं. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी जिन्यातला तो तळहात दाखवला. मग चष्मा कपाळावर चढवून नाक स्क्रीनला लावलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत गेल्या. रिलेचं नाव चौकटी कंसात लिहायचं असतं. मॅडमनी कंस उघडला होता, बंद केला नव्हता.

"कंस," त्या म्हणाल्या. "मी. कंस." आणि हसायला लागल्या. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. "किती पोरींचे गुण कापले असतील मी याच्यासाठी!"

या वेळी गेलं. त्यांनी पिशवीच्या तळातून फोन काढला, शबानाला लावला. "बघ गं, कुठे पडलंय?" शबानाचा आवाज मला स्टुलावर ऐकू आला, "इनबॉक्समध्ये मॅडम! वरच आहे!" मॅडमनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं होतं खूश होतील. त्या भिंतीला टेकल्या. "थकले हो देवरे," म्हणाल्या. "आपलंच पत्र, आपल्याच पोरींना, आणि केवढी ही शिफारस लागते."

त्या शुक्रवारी गणिताच्या वर त्यांनी लिहिलं: 'गेलं वर्षभर माझी पत्रं तुमच्या कचऱ्यात जात होती. चूक तुमची नाही. आता गणित.' शनिवारपर्यंत उत्तरांची रीघ लागली. कुणी रडवेलं लिहिलं होतं, कुणी नुसत्या पायऱ्या. मॅडम दोन दिवस ओट्याशी बसून प्रत्येकीला लिहीत होत्या. माझ्या बायकोने डबा वर पाठवला तो तसाच परत आला.

एकीचं उत्तर मात्र आलं नाही. त्या शुक्रवारीही नाही आणि पुढच्याही नाही.

तिचं नाव रुखसार. शबानाच्याच वर्गातली. शाळा सुटल्यावर लग्न होऊन मालेगावला गेलेली. तिथे घर सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी काढलेली. शुक्रवारच्या गणिताला तिचं उत्तर कधी चुकत नसे. तिचं शेवटचं पत्र मॅडमकडे होतं, कारण येणारी पत्रं येतच होती. त्यात तिने विचारलं होतं: 'मॅडम, बी.एड.चा फॉर्म भरू का? घरी नको म्हणतात. तुम्ही सांगाल तसं करीन.' मॅडमनी त्याच दिवशी लांबलचक उत्तर लिहिलं होतं. ते कुठे गेलं असणार ते आता आम्हा दोघांनाही कळत होतं.

"तुम्ही सटाण्याला जाता ना अधूनमधून?" मॅडमनी विचारलं. माझं गाव तिकडे आहे. "थोडी वाकडी वाट करून मला मालेगावला सोडा. येताना घेऊन या."

सोडून पुढे जायचं माझ्याच्याने झालं नाही. शबानाकडून पत्ता घेतला होता. गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमाग चालू होते. घरात बसूनही थोडं मोठ्याने बोलावं लागे. रुखसारने दार उघडलं आणि ती ओढणी सावरत उभीच राहिली. आत खाटेवर तिची सासू झोपलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने आम्हाला बसवलं, चहा टाकला, मॅडमच्या गुडघ्यांची चौकशी केली. मॅडमनी चहा हातात धरूनच विचारलं,

"तू मला शेवटचं काय लिहिलं होतंस, आठवतं?"

"हो. बी.एड.चं."

"मी त्याच दिवशी उत्तर दिलं होतं."

"नाही मॅडम. नाही आलं."

"आलं होतं. कचऱ्याच्या कप्प्यात पडलं. माझ्या पेटीचा पत्ता बदनाम झाला होता." मॅडम थांबल्या. "तू कशाला बघशील तिथे?"

रुखसार खाली बसली. "काय लिहिलं होतं?"

"भर म्हणून लिहिलं होतं. तुझ्या घरी मी बोलते, असंही लिहिलं होतं."

रुखसार सासूच्या पांघरुणाचं टोक नीट करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हालाही ते बरोबर वाटत नाहीये. वर्गात तुम्ही तसंच करायचात ना. चुकलं की बोलायचा नाहीत, नुसत्या गप्प राहायचात. मग आम्ही समजून जायचो, पुसून टाकायचो."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"मी गप्प नव्हते, रुखसार."

"हो मॅडम. आता कळलं." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "त्या वर्षी झालं असतं. हे पण तयार झाले होते जवळजवळ. नंतर अम्मींना झटका आला. आता कुठे जाणार?"

नवऱ्याने तिचा फोन बदलून दिला तेव्हापासून त्यात मेलच नव्हता. मी तिला विचारून बसवून दिला. पासवर्ड तिला पाठ होता. इनबॉक्समध्ये रिले लागल्यापासूनचे शुक्रवार एकाखाली एक न उघडलेले होते. स्पॅमचा कप्पा रिकामा. तिने तो दोनदा उघडून पाहिला. मग फोन ओढणीला पुसून कपाटावर ठेवला.

परतताना चांदवडच्या अलीकडे मॅडमनी गाडी थांबवायला सांगितली. टपरीवर चहा घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"एक फोन करायचा होता," त्या म्हणाल्या. "मिळालं का गं, एवढंच. तुम्ही म्हणाला होता मला, गॅलरीतून. मला तो मोठेपणा वाटायचा, न विचारणं. पोरींना मोकळं सोडलंय असं वाटायचं." घाटाकडे बघत राहिल्या. "त्यांना भीती वाटत होती माझी. इतकी वर्षं."

मी टपरीवाल्याचे पैसे दिले. चहा गार झाला, आम्ही निघालो. घरी पोचल्यावर त्या जिना चढल्या तो प्रत्येक मजल्यावर बसत बसत.

त्यानंतर मॅडमचा फोन पिशवीतून बाहेर आला. शनिवारी सकाळी त्यांचा मोठा आवाज खाली ऐकू येई, "मिळालं का? नाही, सोडवलंच पाहिजे असं नाही, मिळालं का ते सांग." कुणाच्या मुलाला ताप, कुणाची बदली, सगळं ऐकून घेत. मध्येच सवयीने "पुढे?" म्हणत आणि लगेच "नाही, नाही, सांग तू सावकाश" अशी दुरुस्ती करत. पूर्वी त्या कधी एवढ्या दमलेल्या दिसत नसत.

आणि एका दुपारी आमचं दार वाजलं. मॅडम. जिना उतरून आलेल्या. हातात काही नाही, चष्मा कपाळावर.

"रुखसारचं उत्तर आलं," म्हणाल्या. "साफ चुकलंय! पहिल्याच पायरीला वजाबाकी उलटी केलीय!" असा आनंद मी त्यांच्या तोंडावर आधी पाहिला नव्हता. आत यायला सांगितलं तर म्हणाल्या, "छे, तिला लिहायचंय," आणि परत वर निघाल्या.

रुखसारने बी.एड. केलं नाही. गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी गणित शिकवते, असं मॅडमकडूनच कळलं. मॅडमनी तिला त्यानंतर बी.एड.बद्दल चकार शब्द काढला नाही. तिनेही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मॅडमना जिना झेपेनासा झाला. मनमाडला त्यांच्या धाकट्या भावाचं घर होतं, तळमजल्यावर. तो दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा सामान बांधायलाच आला. पेटीचं काय करायचं, मी विचारलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पत्रं तशीही आता दुसऱ्याच्याच हातून जातात. नावाचा पत्ता ठेवू, घर बदलू." पेटीतली सगळी पत्रं आम्ही एका डिस्कवर काढून घेतली. पत्ता एका कंपनीकडे नेला. येणारं, जाणारं, सगळंच तिच्याकडे. पेटी बंद करायची आज्ञा त्यांनी स्वतः दिली. पंखा घरघरत थांबला, तेव्हा स्वयंपाकघर अचानक मोठं वाटायला लागलं. मॅडमनी ती जागा फडक्याने पुसून घेतली.

मी त्यांना नाशिकरोड स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी दुपारची, फलाट तापलेला. भावाशी त्यांचा वाद चालू होता, सामान बाकाखाली ठेवायचं की वर. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "मॅडम, पोचल्यावर फोन करा." त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, त्या डब्यात वळून हमालाला काहीतरी समजावत होत्या. गाडी हलली. खिडकीत त्यांचा चेहरा परत आला, घामेजलेला, डोळे बारीक केलेले. त्यांनी हात वर केला. मला वाटलं निरोपाचा, म्हणून मीही केला. पण ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी खिडकीची झडप धरली, ती अडकली होती, दोन हिसके दिले आणि खाली ओढून घेतली.